जोडीचा पहारेकरी

उपनगरांतल्या अनेक सोसायट्यांमध्ये टाकीत पाणी चढवायला दोन पंप असतात. एक जळाला तर दुसरा चालू करायचा. जाणता पंपवाला दोन्ही आलटूनपालटून चालवतो. कारण वर्षभर न वापरलेला पंप नेमका गरजेच्या दिवशी जाम झालेला असतो. बँका, रुग्णालये, कारखाने यांच्या संगणकजाळ्यातही अशी एक जोडी असते. ती फायरवॉलची.

फायरवॉल म्हणजे जाळ्याच्या दारातला पहारेकरी. आत-बाहेर जाणारी माहिती तो ठरलेल्या नियमांनी तपासतो. सगळी वर्दळ याच दारातून होते. साहजिकच तो बंद पडला, की काम ठप्प. म्हणून दोन पेट्या बसवतात. एक कामावर, एक राखीव. कामावरची पेटी राखीव पेटीला सतत ‘मी ठीक आहे’ असा निरोप पाठवते. याला ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचे ठोके, म्हणतात. लागोपाठ काही ठोके चुकले, की राखीव पेटी तोच पत्ता धारण करून काम हाती घेते. हाच ‘फेलओव्हर’. चालू व्यवहारांची नोंद दोन्ही पेट्यांत सारखी राहत असेल, तर ग्राहकाला बदल सहसा जाणवतही नाही.

खरी गोम सेटिंगमध्ये आहे. ठोके एकाच केबलवरून जात असतील आणि ती तुटली, तर दोन्ही पेट्या धडधाकट असूनही राखीव पेटी समजते, की पहिली गेली. मग एकाच पत्त्यावर दोघी हक्क सांगतात आणि गोंधळ उडतो. म्हणून ठोक्यांसाठी दोन स्वतंत्र केबल हव्यात. वीजही वेगवेगळ्या ठिकाणांहून हवी. शिवाय, पेटी शाबूत असून तिची बाहेरची लाइन गेली तरी बदल व्हावा, हे वेगळे सांगून ठेवावे लागते.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा अनुभव फायरवॉलचा नव्हे, पण धडा तोच. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता तिथले व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. दूरसंचाराच्या लाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्हींत बिघाड झाला. रस्त्यावरील खोदकाम हे मुख्य कारण असल्याचे बाजाराने नंतर सांगितले. पर्यायी केंद्र असूनही कामकाज तिकडे हलवले गेले नव्हते. पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा कोलमडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यापुढे ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे.

तेव्हा ज्यांच्या कार्यालयात अशी जोडी आहे, त्यांनी एखाद्या रविवारी, पूर्वसूचना देऊन, कामावरची पेटी मुद्दाम बंद करून पाहावी. किती सेकंद काम थांबले, काय तुटले, पहिली पेटी परत कामावर कशी आली, हे वहीत लिहून ठेवावे. काही महिन्यांनी पुन्हा तेच करावे. उणीव सुट्टीच्या दिवशी सापडली, तर दुरुस्तीला वेळ मिळतो.