प्रेमाची नावे

मुलांनो, ‘प्रेम’ हा शब्द एकच. परंतु त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा असतो. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. आईचे ते वात्सल्य, आजीची ती माया, मित्रांचा तो स्नेह. गोठ्यातले वासरू तुमच्या मागे मागे फिरू लागले, की त्याला तुमचा लळा लागला असे आपण म्हणतो. तेथे ‘स्नेह’ हा शब्द मुळीच शोभणार नाही!

ही नावे नात्यांवरून पडली. मग जेथे नातेच नाही, तेथे काय म्हणावे? १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली होती. लागण होईल या भीतीने आप्तही रुग्णाजवळ जाण्यास कचरत. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई रुग्णांना तेथे पोहोचवीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तर त्यांनी पाठीवर घेऊन आणले. तो त्यांचा कोणीही नव्हता. याला करुणा म्हणावे, की वात्सल्य? मला दुसरा शब्द अधिक योग्य वाटतो. करुणा दुरूनही वाटू शकते. त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.