दहा मिनिटांची ओळख

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथल्या घरगुती निवास-न्याहारीवाल्याकडे पुण्याचा सहल आयोजक प्रथमच पंचवीस माणसं पाठवणार, तर धास्ती दोघांनाही असते. आयोजकाला वाटतं, खोल्या फोटोतल्यासारख्या असतील ना? घरमालकाला वाटतं, खोल्या राखून ठेवल्या आणि माणसं आलीच नाहीत तर?

2020च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉल आपल्या अंगवळणी पडला. इथे तो उपयोगी पडतो आणि दहा मिनिटं पुरतात. (गजाली रंगल्या की मुद्दा राहूनच जातो!) स्वतःचं कौतुक नको. मोबाइल हातात धरून खोली, न्हाणीघर, पाण्याची सोय दाखवावी. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, हे आपणहून सांगावं. अडचण आधी सांगणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावरही माणूस विश्वास ठेवतो. आयोजकानंही आगाऊ रक्कम किती, बेत रद्द झाला तर काय, हे तिथेच बोलून घ्यावं.

मग ठरलेलं दोन ओळींत लगेच लिहून पाठवावं. 'मासळीच्या जेवणाचा दर उद्या कळवतो' म्हटलं असेल, तर तो उद्याच कळवावा. हंगामात दुसरं घर शोधायला आयोजकाला एक फोन पुरतो.