घर-जागा घेताना वकील कसा निवडावा?



गळीत हंगाम संपला, उसाची बिले बँकेत जमा झाली, की आपल्याकडे दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक पोरापोरींची लग्ने आणि दुसरी जागा-घरांचे व्यवहार. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला फ्लॅट पाहिजे. नातवंडांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करायचे, तिथे एखादा प्लॉट पाहिजे. यात वावगे काहीच नाही. पण बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. आणि दहा-वीस वर्षांची पुंजी घालून जागा घेताना मात्र वकील कोण, हे कचेरीच्या दारात गेल्यावर ठरवतो. बहुधा विकणाराच म्हणतो, "आपला माणूस आहे, काळजी करू नका." आणि खरी काळजी तिथूनच सुरू होते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे जुने लोक सांगत. ते खरेच आहे. पण ती पायरी चढायला लागू नये म्हणूनच खरेदीआधी वकिलाची पायरी चढावी लागते.

दस्तलेखक वेगळा, वकील वेगळा

कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखक उपयोगाचा माणूस आहे. दस्ताचा मजकूर, चतुःसीमा, मुद्रांक हे तो नीट घालतो. पण विकणाऱ्याची मालकी तपासणे हे त्याचे काम नाही. दुय्यम निबंधकही दस्ताची नोंदणी करतो, मालकीची हमी देत नाही. म्हणजे दस्त नोंदला, पावती मिळाली, फोटो-अंगठे झाले, तरी विकणाराच मालक नसेल तर आपल्या हाती कागदच राहतो.

सातबाऱ्याचेही तसेच. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. नुसत्या त्या नोंदीवरून मालकी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर भागवू पाहणाऱ्यांनी २०११ चा सुरज लॅम्प खटल्याचा निकाल ध्यानात ठेवावा. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

वकील नेमके काय तपासतो?

चांगला वकील निदान ३० वर्षांचा शोध घेतो. ३० वर्षेच का? तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे (१९६३) गहाण सोडवून घेण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत लावता येतो. तेवढ्या काळातली सूची क्रमांक २, जुने सातबारा, एकेक फेरफार आणि गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक तो पाहतो. त्यात त्याने शोधायच्या गोष्टी अशा:

१. बहिणींचा हिस्सा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आला. वडील त्याआधी वारले असले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. समजा, तिघा भावांनी सह्या करून प्लॉट विकला आणि दोन बहिणींची सही घेतलीच नाही. उद्या त्या दावा लावतील, आणि त्यांची चूक नसेल. घर बांधून बसलेले आपण मात्र अडकू.

२. शर्तीची जमीन. भोगवटादार वर्ग २, वतन, इनाम, पुनर्वसनाची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीवाचून घेता येत नाही. कुळकायद्याने (१९४८) मिळालेल्या जमिनीला कलम ४३ ची शर्त असते. ती शिल्लक आहे की शिथिल झाली, हे वकिलाने कागद पाहून सांगावे.

३. बोजा. इतर हक्कात सोसायटीचा इकरार, बँकेचे गहाण किंवा कोर्टाचा मनाईहुकूम आहे का? आपण सगळे सोसायटीचे कर्जदार. बोजा म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. तो फेडल्याचा दाखला आणि बोजा कमी झाल्याची नोंद दोन्ही हवीत.

४. गुंठ्यांचे तुकडे. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकणारे पुष्कळ आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे आणि अलीकडच्या वर्षांत त्याच्या नियमांत बरेच फेरबदल झाले. रेखांकन मंजूर आहे का, आज नियम काय, हे पारावर विचारून भागत नाही.

५. फ्लॅट असेल तर महारेराची नोंदणी. किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरने घ्यायची, तर आधी करारनामा नोंदवावा लागतो. "आधी निम्मे भरा, करार नंतर करू" म्हणणाऱ्याला तिथेच रामराम करावा.

मग वकील निवडायचा कसा?

पहिली गोष्ट, तो फक्त आपला वकील असावा. विकणाऱ्याचा, एजंटाचा किंवा बिल्डरचा नको. "बँकेच्या वकिलाने कागद पाहिलेत की" असे कुणी म्हणते. अहो, तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो. तुमच्या दाराशी उद्या रस्ता राहील की नाही, ही त्याची चिंता नव्हे.

दुसरे, तो दिवाणी आणि महसुली कामाचा असावा. फौजदारीत नाव काढलेला वकील मोठा असेल, पण फेरफार वाचायची सवय निराळी असते. शक्यतो जागा ज्या तालुक्यात, तिथल्या कचेऱ्यांत काम करणारा पाहा. गेल्या दोन-चार वर्षांत त्याच्याकडून काम करून घेतलेल्या दोघा-तिघांना भेटा. त्याची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे ना, हे विचारायला लाजू नका.

तिसरे, शोध अहवाल लेखी आणि सहीनिशी घ्या. कोणती वर्षे, कोणते कागद पाहिले, शोध फीची पावती कुठे, हे त्यात हवे. "बघितलंय मी, क्लिअर आहे" हे तोंडी बोलणे उद्या कोर्टात चालत नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायचा आग्रह वकील धरत असेल, तर तो खर्च वाया गेला असे समजू नका.

चौथे, फी आधी ठरवा. शोधाची किती, दस्ताची किती, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च वेगळा किती, हे लिहून घ्या. लाखोंच्या व्यवहारात वकिलाचे थोडके पैसे वाचवायचे, म्हणजे ऊस उभा करून पाण्याची पाळी चुकवायची.

पाचवे आणि महत्त्वाचे, "घेऊ नका" असे सांगण्याची धमक त्याच्यात पाहिजे. तुम्ही आणलेल्या प्रत्येक कागदाला मान डोलावणारा वकील काय कामाचा?

हे सगळे आधीच पाहायचे, याला कारण आहे. वकिलाच्या सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानीचा दावा दिवाणी कोर्टात लावता येतो. पण त्यात वर्षे जातात.

आपलीही कामे आहेत

वकील कागद पाहतो, जागा आपण पाहायची. प्रत्यक्ष जाऊन शेजाऱ्यांना विचारा, वहिवाट कुणाची, रस्ता कुठून. भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्या. घरातल्या बायकांना व्यवहार सांगा, आणि जमले तर खरेदीखतात त्यांचे नाव घाला.

क्रम मात्र चुकवू नका. आधी वकील, मग शोध अहवाल, मग इसार, मग खरेदीखत, आणि शेवटी आपल्या नावाची नोंद. विकणारा म्हणेल, "दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे, आजच इसार द्या." त्याला शांतपणे सांगावे, की अहवाल येईपर्यंत थांबत असलात तर आम्ही घेणार, नाहीतर खुशाल त्यांना द्या. जागा दुसरी मिळते. वर्षानुवर्षे राबून शिल्लक टाकलेला पैसा पुन्हा उभा करायला दुसरा जन्म मिळत नाही.