आधी शॉकअप, मग स्प्रिंग
१९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ला चारही चाकांवर डबल विशबोन सस्पेन्शन होतं. हौशी शर्यतवाल्यांची ती आजही लाडकी. पण तीच गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची असेल, तर आधी चांगले टायर घ्या, मग शॉकअप. स्प्रिंगची घाई नको. स्प्रिंग दुप्पट कडक केली, की गाडीच्या उसळण्याचा वेग सुमारे १.४ पट होतो आणि तो आवरणं जुन्या शॉकअपला झेपत नाही. खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहते, टायरची पकड कमी-जास्त होते. स्प्रिंग कापून गाडी खाली करणं तर सरळ धोक्याचं! चाकाला वर सरकायला जागा उरत नाही. भर वळणात सस्पेन्शन बंप स्टॉपवर आदळतं आणि गाडी घसरू शकते. पैसे साठवून अ‍ॅडजस्टेबल शॉकअप घ्या. ट्रॅकवर दोन क्लिक घट्ट, घरी निघताना दोन क्लिक सैल.