मागच्या रांगेतला खर्ज

1986च्या गणेशोत्सवात तुमसरला ऑर्केस्ट्रा आला होता. आम्ही पोरे गायिकेला पाहायला पुढे घुसलो आणि गर्दीच्या रेट्यात नेमके मोठ्या स्पीकरपाशी जाऊन अडकलो. गाणे सुरू झाले तेव्हा कानाआधी छाती हलली. ढोल म्हणावा तर ढोलवाला हात बांधून उभा. मागे, पडद्याला टेकून, लांब मानेची चार तारांची गिटार घेतलेला एक काळासावळा माणूस कोणाकडेही न पाहता बोटे चालवीत होता. गाणे माझ्या ओळखीचे होते, घरच्या रेडिओवर पुष्कळदा ऐकलेले. पण त्यात हा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हते.

पुढे बेस गिटारविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि जिल्ह्यात जिथे बेसवाला भेटेल तिथे एकच प्रश्न विचारत आलो: तुम्ही हे वाद्य कोणाचे ऐकून हाती घेतले?

आधी वाद्याची गोष्ट. पूर्वी खालचा सूर सांभाळायला माणसाएवढे उंच, उभे धरायचे डबल बास असे. ते वाहून न्यायला अवघड, आणि ड्रमसमोर त्याचा आवाज दबे. 1951मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल असा विजेवर वाजणारा बेस बाजारात आणला. त्याला गिटारसारखे पडदे होते, म्हणून सूर नेमका लागे. नाव पडले ‘प्रिसिजन’. चार तारा ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते.

आमच्या रेडिओचे कोडे या 41मध्येच आहे. वीतभरही नसलेला स्पीकर इतका खालचा सूर हवेत ढकलूच शकत नाही. त्याच्या दुपटी-तिपटीचे वरचे स्वर तेवढे बाहेर येतात आणि त्यांवरून मूळ सूर मेंदू आपल्या पदरचा भरून घेतो. म्हणजे बेस आम्ही ऐकत होतो, पण अर्धा स्वतःच तयार करून! तबलजीला हे निराळ्या वाटेने समजते. डग्गा काढून नुसता दायां वाजवा, ठेका चुकत नाही, पण गाणे अधांतरी लोंबते.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. जगाच्या पुस्तकांत ही परंपरा स्वच्छ लिहिलेली आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन एकाच तर्जनीने वाजवीत. इंग्लंडात पॉल मॅकार्टनींनी त्यांना गुरुस्थानी मानले. मॅकार्टनींना पाहून हजारो मुलांनी बेस घेतला. मात्र जेमरसन यांचे नाव मोटाउनच्या एका मोठ्या ध्वनिमुद्रिकेवर पहिल्यांदा छापले गेले ते 1971मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. तोवर लोकांनी ऐकले, नाचले, पण वाजवणारा कोण हे कोणी विचारले नाही.

आपल्याकडेही तेच. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी वर्षानुवर्षे बेस वाजवला. ‘जवानी दिवानी’ (1972) सारख्या चित्रपटाची गाणी चांगल्या स्पीकरवर लावून फक्त खालच्या सुराच्या मागे मागे जा, गाणे कोणाच्या पायांवर चालते ते कळेल. कॅसेटच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. बेसवाल्याला तिथे जागा नाही. साकोलीच्या एका जुन्या वादकाला मी वाझ यांचे नाव सांगितले, तर तो हसून म्हणाला, “कोन वाजवते ते आमाले का मालूम गा? आमाले त थो आवाज मालूम!” त्याच्या बोटांत मात्र ती सगळी वळणे जशीच्या तशी होती.

तेव्हा माझा निष्कर्ष असा की, भंडाऱ्यात बेसची प्रेरणा नावाने आली नाही. ती नागपूरकडून लग्नांत, गणपतीत येणाऱ्या ऑर्केस्ट्रांच्या मागच्या रांगेतून आली. जवळजवळ प्रत्येकाने मला असाच एखादा निनावी माणूस सांगितला. आजच्या मुलींना निदान नाव तरी आहे: मुंबईची मोहिनी डे, वडील सुजय डे यांच्याकडून लहानपणीच शिकलेली, रहमान यांच्यासोबत वाजवलेली. तिचे वाजवणे मोबाईलवर पाहता येते. गंमत म्हणजे मोबाईलचा स्पीकर आमच्या रेडिओहून लहान.

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक होते. तिथे हार्मोनियम, तबला, ढोलकी, आणि आता कीबोर्ड-ऑक्टापॅड. बेस गिटारला वेगळा माणूस, वेगळी बिदागी कोण देणार? कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम उरकतो. उरकतो म्हणतो, कारण बहुतेकांचा डावा हात एकाच सुरावर ठोके देत बसतो.

लाखनीजवळच्या एका बेसवाल्याकडे गेल्या मंडईत गेलो. गिटारला तीनच तारा होत्या. जाड तार तुटून चार वर्षे झालेली, नवा संच नागपूरहून आणायचा, तर “वाजवतो कुठे आता?” त्याचा मुलगा नाटकात कीबोर्डवर बसतो. त्या रात्री मी मुद्दाम स्पीकरजवळ बसलो. पोराचा डावा हात ठोके देत नव्हता, चालत होता; वर चढे, मध्येच थांबे, मग सुराच्या खालून येऊन मिळे. शेजारी बसलेला बाप डोळे मिटून उजव्या मांडीवर दोन बोटे हलवीत होता, पोराच्या जरासा पुढेच.