चॅम्फरची बाजू

भोसरीच्या एका कारखान्यात बुश बसवायच्या लाईनवर मी तीन आठवडे काढले. बुश म्हणजे पोकळ पोलादी नळकांडं, बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर. एका टोकाची कड तिरकी कापलेली, म्हणजे चॅम्फर. दुसऱ्या टोकाची सरळ. चॅम्फर खाली ठेवून दाबला की बुश भोकात आपसूक उतरतो. उलटा ठेवला तर सरळ कड चावते, बुश तिरका जातो आणि अख्खा जॉब भंगारात.

हे काम एक ताई करायच्या. न बघता ट्रेमध्ये हात, नखाने कड चाचपायची, बोटांतच पीस फिरवायचा, भोकाच्या तोंडावर ठेवायचा. आठ तास. शिफ्ट संपता संपता अंगठा आखडतो, म्हणाल्या. ते काम कॅमेरा आणि रोबोटकडे सोपवायला आम्ही गेलो होतो.

रोबोटचा हात स्कारा जातीचा. १९७८ मध्ये जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी ही रचना आकाराला आणली. हा हात आडव्या दिशेत किंचित नमतं घेतो, उभ्या दिशेत मात्र ताठ राहतो, म्हणून भोकात काही बसवायला तो मला फार आवडतो. पण त्याला पीस उलटा करता येत नाही. नखासारखं काही त्याच्याकडे नाही, आणि ताईंची बोटंही नाहीत.

कॅमेऱ्याचं टिपण १२० मिलिमीटर रुंदीत साधारण २४०० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.०५ मिलिमीटरचा. ठिपक्यांची पट्टी ठेवून, रोबोटच्या टोकाला बसवलेली सुई एकेका ठिपक्यावर टेकवून, कॅमेऱ्याचे पिक्सेल आणि रोबोटचे मिलिमीटर जुळवले. अर्धा दिवस गेला, पण त्यात अवघड काही नव्हतं.

अडलं ते उजेडात. आधी आम्ही पिसांच्या खालून दिवा लावला. काळ्याकुळकुळीत, रेखीव चकत्या दिसल्या, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या! सावलीला चॅम्फर कुठून कळणार? वरून दिवा लावला तर पोलाद आरशासारखं चकाकलं. दोन दिवस नुसते दिवे हलवण्यात गेले. शेवटी लाल दिव्यांचं कडं पिसांच्या जवळजवळ पातळीला आणलं. आडव्या उजेडात सपाट तोंड काळं राहिलं आणि तिरकी कड तेवढी उजळली. चॅम्फर वर असेल तर रुंद झळझळीत वलय, खाली असेल तर केसाएवढी रेघ. वलय दिसलं की पीस सोडायचा, रेघ दिसली की उचलायचा.

सकाळी अकराच्या सुमाराला छपराच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन टेबलावर उतरायचं आणि सगळी गणितं बिघडायची. भिंगापुढे लाल फिल्टर आणि वर काळा पडदा लावला, तेव्हा ते थांबलं.

उचलायलाही युक्ती लागली. हवेने ओढून धरावं, तर मधल्या भोकातून हवा गळते. म्हणून दोन बारीक जबडे भोकात शिरतात आणि बाहेरच्या अंगाला पसरून पीस धरतात. शेजारचे पीस चिकटून असले तरी अडचण होत नाही. उलटे पडलेले तसेच राहतात. मग खालची थाळी थरथरते, पीस उड्या मारतात, काही सुलटे पडतात, कॅमेरा पुन्हा टिपतो.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी रोबोट सारखा ताटकळू लागला. टिपण स्वच्छ, वलयं बरोबर, पण सोडलेले पीस थाळी कितीही थरथरली तरी उलटेच्या उलटे. मी दिव्यापासून प्रोग्रॅमपर्यंत सगळं तपासत बसलो. ताई आता या मशिनवर पीस भरायच्या. त्यांनी मूठभर बुश उचलले आणि अंगठ्याने चोळले.

"अहो सर, आज पीस ओशट लागतायत."

धुलाईच्या मशिनची जाळी चोंदली होती. तेलाच्या पातळ थराने पीस थाळीला धरून बसले होते. ताईंनी जाळी उघडली, मी थाळी पुसायला घेतली.