पाऊस पाडला, हे ठरवायचे कसे?

धाराशिव जिल्ह्यात पावसाने ओढ दिली की दोन गोष्टींची चर्चा हटकून सुरू होते. एक टँकरची आणि दुसरी विमानाची. टँकर गावात येतो, त्याच्या खेपा मोजता येतात. विमान मात्र आकाशात फिरून जाते आणि त्याने नेमके काय केले, हा प्रश्न जमिनीवरच्या माणसाच्या पदरात अनुत्तरित राहतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या अवर्षणप्रवण मुलखात ढग येतात, पण बरसल्याशिवाय पुढे जातात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. धाराशिवपासून १९८२ साली वेगळ्या झालेल्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा ठिकाणी कृत्रिम पावसाची आशा लोकांना वाटली, तर त्यात नवल नाही. परंतु आशा आणि पुरावा या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि सार्वजनिक पैसा पुराव्यावर खर्च व्हावा, अशी अपेक्षा ठेवणे हे सुशिक्षित नागरिकांचे कर्तव्यच आहे.

कृत्रिम पाऊस हा शब्दच मुळात फसवा आहे. निरभ्र आकाशातून पाऊस पाडण्याची विद्या कोणालाही अवगत नाही. ढग असावा लागतो, त्यात वर चढणारी हवा असावी लागते. विमानाच्या पंखांना लावलेल्या नळकांड्यांतून कॅल्शियम क्लोराईडसारख्या पाणी शोषणाऱ्या क्षाराचे सूक्ष्म कण ढगाच्या तळाशी सोडले जातात. वर चढणाऱ्या हवेबरोबर ते आत शिरतात, त्यांच्याभोवती मोठे थेंब तयार होतात, हे थेंब लहान थेंबांना गिळत वजनदार होतात आणि खाली येतात. ही झाली उपपत्ती. खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

समजा, विमानाने फवारणी केली आणि तासाभराने तुळजापूर तालुक्यात पाऊस झाला. तो फवारणीमुळे झाला की आपसूक होणारच होता? वैमानिक फवारणीसाठी स्वाभाविकपणे भरलेला, वाढता ढग निवडणार. म्हणजे जो एरवीही बरसण्याची शक्यता अधिक, तोच. हुशार विद्यार्थी तेवढे निवडून घ्यायचे आणि निकाल उत्तम लागला की शिकवणीचे श्रेय मिरवायचे, ही रीत आपल्या शहरांतल्या अनेक क्लासेसनी चांगली आत्मसात केली आहे. ढगांच्या बाबतीतही तेच घडू शकते. १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकला, तेव्हापासून या क्षेत्रात दावे पुष्कळ झाले. पुरावे त्या मानाने थोडे जमले, याचे प्रमुख कारण हेच.

यावर उपाय एकच आहे, आणि तो शेतीच्या अभ्यासातूनच आला. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिले की, कोणत्या वाफ्याला खत द्यायचे हे माणसाच्या मर्जीने नव्हे, तर सोडतीने ठरवावे. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाच्या पाहणीत हीच सोडतीची शिस्त रुजवण्यास मोठा हातभार लावला. पीकविम्यामुळे गावोगाव परिचित झालेला पीक कापणी प्रयोग याच विचारावर उभा आहे. तेथेही शेत चिठ्ठीने ठरते, सरपंचाच्या शिफारशीने नव्हे. निदान तसे ठरावे असा नियम आहे.

हीच शिस्त आकाशात नेण्याचे काम महाराष्ट्राच्या भूमीवरच झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात विमानातून मिठाची भुकटी ढगांत फवारली. शेजारशेजारचे दोन भाग घेतले, मध्ये मोकळा पट्टा ठेवला आणि कोणत्या दिवशी कोणत्या भागावर फवारणी करायची ते सोडतीने ठरवले. अशा १६० जोड्या जमल्यावर पावसात सुमारे २४ टक्के वाढ दिसली. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये याच संस्थेने तुळजापूरपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर असलेल्या सोलापूर येथून नवा प्रयोग केला. २७६ ढग अभ्यासासाठी निवडले. काहींवर फवारणी केली, काही मुद्दाम मोकळे सोडले. रडार, पर्जन्यमापकांचे जाळे आणि विमानातील उपकरणे यांनी दोन्ही प्रकारच्या ढगांची नोंद ठेवली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढला, पण शंभर चौरस किलोमीटरच्या क्षेत्रावर सरासरी वाढ १८ टक्के होती.

वर्तमानपत्रांचे मथळे ४६ या आकड्यावर रेंगाळतात. धोरण १८ वर आखले पाहिजे. या पाण्याचा खर्च लिटरला १८ पैसे पडला, असेही संशोधकांनी सांगितले. दहा हजार लिटरच्या टँकरचे हे १,८०० रुपये होतात. पिण्याच्या पाण्यासाठी हा भाव विचार करण्याजोगा आहे. पण एक हेक्टर उसाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते असे धरले, तर त्याची किंमत ३६ लाख रुपये होते! शिवाय हे पाणी टँकरसारखे हव्या त्या गावात उतरत नाही. ते वारा नेईल तिथे पडते. विमानाच्या भरवशावर उसाचे क्षेत्र वाढवणे हा अर्थशास्त्राचा नव्हे, जुगाराचा विषय ठरेल.

मोजमापाचा दुसरा लाभ असा की, त्यातून नकारही कळतो. इस्रायलने अनेक दशके ढगांवर फवारणी केली. २०१३ ते २०२० या काळात त्यांनी पुन्हा सोडतीचा प्रयोग केला. वाढ निघाली अवघी १.८ टक्के, तीही योगायोगापासून वेगळी न काढता येण्याजोगी. त्यांनी तो कार्यक्रम बंद केला. तिथले ढग हिवाळ्यातले, पद्धत निराळी. म्हणून तो निकाल आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण तो मान्य करण्याचे धैर्य मात्र अनुकरणीय आहे.

यावर कोणी विचारील, दुष्काळात तहानलेल्या गावावरचा ढग केवळ तुलनेसाठी मोकळा सोडणे निर्दयपणाचे नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु विमाने मोजकी, उड्डाणाचे तास मोजके. बहुतेक ढग एरवीही मोकळेच राहतात. मग ते कोणते राहावेत हे सोडतीने ठरवण्यात गावाचे नुकसान नगण्य आहे, आणि न ठरवण्यात पुढच्या प्रत्येक दुष्काळात अंधारात पैसा ओतण्याचा धोका आहे. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये राज्य शासनाने तेव्हाच्या औरंगाबादेहून कृत्रिम पावसाची मोहीम राबवली. अशी मोहीम पुढे जेव्हा होईल, तेव्हा मराठवाड्याने विमानाबरोबरच हिशोबही मागितला पाहिजे. किती ढगांवर फवारणी झाली, किती मोकळे ठेवले, निवड कोणी आणि कशी केली, तालुकावार पर्जन्यमापकांनी काय दाखवले, हे सारे हंगाम संपताच मराठीत जाहीर व्हावे. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांना ते आकडे तपासण्यासाठी मिळावेत.

विमान आले म्हणून हुरळून जाऊ नये आणि पाऊस पडला नाही म्हणून शास्त्राला दोषही देऊ नये. फवारलेल्या ढगाइतकीच न फवारलेल्या ढगाची नोंद आपण काळजीपूर्वक ठेवू लागलो, तरच दुष्काळाशी आपला व्यवहार नवसाचा न राहता विचाराचा होईल.